सकळ लिपी व संगणकीय फाँट

यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथास आधार मिळण्यापूर्वी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांची उकल व्हावी लागली. त्या कामी इतिहासाचार्य राजवाडे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. किल्ली हाती नसेल तर पोथी समोर असूनही वाचकास काही लाभत नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींनी नेमके हेच केले. रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविले गेले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या मांडणीने. तो फाँट नसलेल्या यंत्रावर प्रबंध उघडावा, तर रोमन चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. किंबहुना ही लिपी सकळेहून अवघड म्हणावी लागेल. येथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, अर्धी अक्षरे स्वतंत्र चिन्हे म्हणून येतात. म्हणून अक्षरास अक्षर बदलून भागत नाही, क्रमही नव्याने लावावा लागतो. पंथाची गुप्तता निदान श्रद्धेपोटी होती!

यावर मुक्त प्रणाली हाच उपाय, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. ओडीएफ हा दस्तऐवजाचा खुला नमुना २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि भारत सरकारनेही २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, हे खरे. तथापि या प्रतिपादनात पात्र व पदार्थ यांची गल्लत आहे. जुन्या फाँटमधील मजकूर लिबरऑफिसमध्ये ओडीएफ म्हणून साठविला तरी तो सांकेतिकच राहतो. उलट मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये युनिकोडात लिहिलेला लेख लिबरऑफिसमध्ये उघडल्यास त्याची पानरचना क्वचित विस्कटेल, पण अक्षर वाचता येईल. संशोधकास आधी अक्षर हवे; समास नंतर पाहता येतात.

युनिकोडही सर्वस्वी निर्दोष नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो; डोळ्यांस दोन्ही सारखेच, परंतु शोध घेताना एक सापडतो व दुसरा निसटतो. शब्दसूची करणाऱ्या संपादकाने कोणती रीत स्वीकारली, हे प्रस्तावनेतच नमूद केले पाहिजे.