शेऱ्याचा रकाना: जनावरांच्या वाहतुकीच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची भाषा

कायद्याच्या भाषेचा अभ्यास बहुधा कलमांपाशी थांबतो. कलमांना जोडलेली परिशिष्टे, आणि त्या परिशिष्टांतील कोरे नमुने, हे भाषा म्हणून क्वचितच वाचले जातात. वास्तविक कलमाने सांगितलेले घडले की नाही हे शेवटी कळते ते कोणी तरी भरलेल्या नमुन्यावरूनच. आणि नमुना ज्या प्रकारची वाक्ये करू देतो, त्या प्रकारचीच माहिती त्यातून बाहेर येते. या दृष्टीने युरोपीय संघाच्या १/२००५ क्रमांकाच्या विनियमाचे दुसरे परिशिष्ट अभ्यासण्याजोगे आहे. हा विनियम २२ डिसेंबर २००४ रोजी संमत झाला आणि ५ जानेवारी २००७ पासून लागू झाला. वाहतुकीत जनावरांचे हाल होऊ नयेत हा त्याचा हेतू. आठ तासांहून लांबचा प्रवास तो 'दीर्घ' मानतो. आणि गुरे, मेंढ्या, शेळ्या, डुकरे व नोंदणी नसलेले घोडे एका सदस्य-राष्ट्रातून दुसऱ्यात किंवा संघाबाहेर अशा प्रवासास निघाले, की त्यांच्याबरोबर प्रवासाची नोंदवही असलीच पाहिजे असे सांगतो. ही नोंदवही आता कागदावरून इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत चालली आहे. हे स्थलांतर केवळ साधनाचे आहे असे सर्वत्र गृहीत धरले जाते. ते व्याकरणाचेही आहे, आणि त्याची दखल नियम करणाऱ्यांनी पुरेशी घेतलेली दिसत नाही.

नोंदवहीचे भाग पाच: योजना, प्रस्थान, गंतव्य, वाहतूकदाराचे निवेदन आणि विसंगतीचा अहवाल. प्रत्येक भागाचा वक्ता निराळा आणि काळही निराळा, ही या रचनेतील खरी खुबी होय.

पहिला भाग भविष्यकाळाचा आहे. प्रवासाचा संयोजक अपेक्षित कालावधी लिहितो, विसाव्याची ठिकाणे मांडतो, आणि जनावरांच्या हिताची योग्य तजवीज आपण केली असल्याचे जाहीर करतो. हे विधान कमी आणि अभिवचन अधिक. ऑस्टिनची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून भाषेच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक आहे की अभिवचन खरे किंवा खोटे नसते. ते प्रामाणिक असते वा नसते, पार पडण्याजोगे असते वा नसते. मग अधिकाऱ्याने त्यावर शिक्का मारताना तपासायचे काय? हा प्रश्न जर्मनीतील केम्पटेन येथे प्रत्यक्ष उभा राहिला. २०१२ साली ६२ गुरे उझबेकिस्तानातील अंदिजानपर्यंत, सुमारे ७,००० किलोमीटर, नेण्याची योजना तेथील अधिकाऱ्यांपुढे आली. विनियमानुसार गुरांना चौदा तासांच्या प्रवासानंतर किमान एक तास विसावा व पाणी मिळाले पाहिजे. त्यापुढे आणखी चौदा तास झाले की त्यांना उतरवून, चारा-पाणी देऊन चोवीस तास विश्रांती दिली पाहिजे. संघाच्या सीमेपलीकडील टप्प्यांची आखणी या मापात बसत नव्हती, म्हणून शिक्का नाकारला गेला. युरोपीय न्यायालयाने २३ एप्रिल २०१५ रोजी निर्णय दिला की सीमेबाहेरच्या टप्प्यांनाही हेच नियम लागू आहेत, आणि नोंदवहीतील योजना वास्तवाला धरून असलीच पाहिजे. म्हणजे अभिवचनाची कसोटी न्यायालयाने सत्यतेत शोधली नाही. ती संभाव्यतेत शोधली. भाषाविचाराच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष म्हणावा लागेल.

दुसऱ्या भागात काळ बदलतो आणि साक्षीदार बोलू लागतो. जनावरे ज्याच्या ताब्यात होती तो मनुष्य लिहितो की आपण चढवण्याच्या वेळी हजर होतो, आणि आपल्या माहितीप्रमाणे जनावरे प्रवासास योग्य होती. पशुवैद्यही तसेच लिहितो. 'आपल्या माहितीप्रमाणे' हे शब्द कित्येकांना पळवाट वाटतात. तसे ते नाहीत. ज्ञानाचा उगम कोणता आणि त्याची मर्यादा किती, हे सांगणारे ते पद आहे. भारतातील १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांच्या परिशिष्टात गुरांसाठी जो दाखला आहे, त्यातही हीच जाण आढळते: प्रवास सुरू होण्यापूर्वी बारा तासांच्या आत आपण तपासणी केली, आणि प्रत्येक जनावर प्रवासयोग्य स्थितीत असल्याचे 'दिसले', असे तेथे पशुवैद्य म्हणतो. 'होते' आणि 'दिसले' यांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. 'दिसले' म्हणणारा पाहणारा असावा लागतो. गोठ्याकडे न फिरकता सही करणारा 'होते' हे सहज लिहू शकतो. 'दिसले' लिहिताना तो उघड खोटे बोलतो.

गंतव्यस्थानचा तिसरा भाग मात्र भाषा जवळजवळ टाकून देतो. तेथे तपासलेली एकूण जनावरे आणि त्यांपैकी योग्य, अयोग्य व मृत यांचे आकडे, एकेका अक्षराच्या खुणेखाली, एवढेच भरायचे असते. यात काही वावगे नाही. मोजण्याच्या गोष्टी मोजाव्यात.

खरा विचार करण्यासारखा भाग चौथा. तो चालक रस्त्यावर असताना भरतो. कोठे थांबलो, किती वाजता, किती वेळ, कशासाठी, योजलेल्या मार्गाहून वेगळे काही घडले असल्यास त्याचे कारण, इतर निरीक्षणे, आणि जखमी किंवा मृत जनावरांची संख्या व कारणे. संपूर्ण नोंदवहीत चालकाला स्वतःचे वाक्य रचण्याची मोकळीक मिळते ती येथेच. मराठी कचेऱ्यांतील प्रत्येक तक्त्याच्या शेवटी 'शेरा' नावाचा जो रकाना असतो, त्याचे कार्य हेच. बाकीचे रकाने ज्याला नाव देऊ शकत नाहीत ते शेऱ्यात जाते. फारसी-मराठी दप्तरी परंपरेने हा रकाना अखेरीस ठेवला, पण कधी गाळला नाही, ही गोष्ट दप्तरे चाळणाऱ्यांच्या ध्यानात आली असेलच.

आता यंत्राकडे वळावे. विनियमाने दीर्घ प्रवासाच्या वाहनांवर उपग्रहाधारित मार्गदर्शक यंत्रणा सक्तीची केली: नव्या वाहनांना २००७ पासून आणि सर्व वाहनांना २००९ पासून. या यंत्रणेने चौथ्या भागाशी 'समतुल्य' माहिती नोंदवावी, आणि वाहनाचा फाळका केव्हा उघडला व केव्हा बंद झाला हेही नोंदवावे, अशी अट आहे. 'समतुल्य' या एका शब्दावर येथे फार मोठा भार पडला आहे. वाहन कोठे व किती वेळ उभे होते, हे यंत्र चालकापेक्षा अचूक सांगेल. फाळका दोन वाजून दहा मिनिटांनी उघडला हेही सांगेल. परंतु फाळका उघडल्यावर जनावरे उतरली काय, उतरलेल्यांपैकी किती पाण्यापर्यंत पोचली, आणि एखादी गाय खाली बसलेली होती ती उठली की नाही, याविषयी यंत्राजवळ शब्द नाहीत. 'फाळका उघडला' या वाक्याला कर्ता फाळकाच. उघडणारा अदृश्य, आणि ज्यांच्यासाठी उघडला ती जनावरे वाक्यात नाहीतच. असे असूनही ही यंत्रणा वापरली असल्यास भरलेली नोंदवही महिन्याच्या आत प्रस्थानाच्या अधिकाऱ्याकडे परत पाठवण्याचे बंधन विनियम शिथिल करतो. घड्याळाच्या नोंदीला त्याने निवेदनाचा दर्जा देऊन टाकला, असा याचा अर्थ होतो. विनियमाच्या संहितेतील हा सर्वांत कच्चा दुवा होय.

यंत्राविषयी हाच विनियम दुसऱ्या ठिकाणी किती सावध आहे, हे पाहिले म्हणजे ही ढिलाई अधिक जाणवते. वाहनातील तापमान पाच ते तीस अंश सेल्सिअसच्या मर्यादेत, पाच अंशांची सवलत धरून, राखले पाहिजे असा नियम आहे. आणि त्याच्या जोडीला अशी तरतूद आहे की तापमापक वाहनाच्या ज्या भागात हवामानाची बाधा सर्वाधिक होण्याचा संभव आहे, तेथेच बसवावा. आकडा कोणत्या जागेवरून बोलतो, हे येथे नियमाने ठरवून दिले आहे. पशुवैद्याच्या दाखल्यातील 'दिसले' जे काम करते, तेच काम ही तरतूद यंत्राकडून करवून घेते.

अचूक आकडा आणि कळलेली घटना यांतील अंतर किती असू शकते, याचे उदाहरण समुद्रमार्गाच्या वाहतुकीत सापडते. ऑस्ट्रेलियातून मध्यपूर्वेकडे निघालेल्या 'अवासी एक्स्प्रेस' या जहाजावर ऑगस्ट २०१७ मध्ये सुमारे २,४०० मेंढ्या उष्म्याने मेल्या. मृत्यूंचा हा आकडा शासनाला कळवलेला होता. तथापि त्या आकड्यामागे काय होते ते लोकांना समजले एप्रिल २०१८ मध्ये, जहाजावरील एका नोकराने टिपलेली चित्रे दूरदर्शनवर दाखवली गेली तेव्हा. त्यानंतर जहाजांवर स्वतंत्र निरीक्षक नेमण्यात आले. पुढे २०२४ च्या कायद्याने मेंढ्यांची समुद्रमार्गे जिवंत निर्यात १ मे २०२८ पासून बंद करण्याचे ठरले. निरीक्षकांची नेमणूक म्हणजे, भाषेच्या अंगाने पाहता, गाळलेला शेऱ्याचा रकाना पुन्हा उघडणेच होते.

कागदाचा कैवार घेण्याचे मात्र कारण नाही. कागदावरील नोंदवही प्रवास संपल्यावर एकाच बैठकीत, एकाच शाईने भरता येते. मजकूर आणि घटना यांच्या वेळा जुळतात की नाही हे कागद सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद ते सांगू शकते. हा लाभ मोठा आहे. युरोपीय आयोगाने ७ डिसेंबर २०२३ रोजी मांडलेल्या नव्या विनियमाच्या प्रस्तावात नोंदवही इलेक्ट्रॉनिक करण्याचा आणि वाहनाचे स्थान तत्क्षणी कळवत राहण्याचा जो आग्रह आहे, तो या दृष्टीने योग्यच आहे.

धोका वेगळ्या बाजूने येतो, आणि तो भाषांतराचा आहे. २००४ पासून चालू असलेली 'ट्रेसेस' ही संघाची यंत्रणा बहुभाषिक आहे. ठरावीक पर्यायांतून निवडलेली नोंद वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत दिसते. पोलंडमध्ये भरलेला रकाना स्पेनमधील अधिकारी स्पॅनिशमध्ये वाचतो. परंतु चालकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले वाक्य त्याच्याच भाषेत राहते. व्यवस्थेला ते वाक्य अडचणीचे वाटू लागते, आणि त्याच्या जागी पर्यायांची यादी ठेवण्याचा मोह होतो. यादी करणाऱ्याला जे कारण आधी सुचले नाही ते मग 'इतर' होते. 'इतर' हा शब्द सर्व भाषांत बिनचूक भाषांतरित होतो, कारण त्यात काहीच सांगितलेले नसते. मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. आपल्याकडेही जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक व त्याला जोडलेली संगणकीय नोंद रूढ झाली आहे. क्रमांकाने जनावर ओळखू येते, पण ते लंगडत आहे हे क्रमांक सांगत नाही.

यावरून इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नियमनात गतीपेक्षा काही साध्या गोष्टींना अग्रक्रम मिळावयास हवा. घटना केव्हा घडली आणि नोंद केव्हा झाली, या दोन वेळा अलग दिसाव्यात. नोंद यंत्राची की माणसाची, आणि माणसाची असल्यास पाहून केलेली की ऐकून, हे प्रत्येक ओळीपाशी स्पष्ट असावे. खाडाखोडीबाबत जुन्या कारकुनांची शिस्त अनुकरणीय आहे: चुकलेला शब्द एका रेघेने असा काटावा की तो वाचता यावा, आणि बाजूला सही करावी. दुरुस्तीखालील मूळ नोंद पडद्यावरून नाहीशी होत असेल तर ती पद्धत कागदाच्याही मागे गेली. शेरा चालकाने स्वतःच्या भाषेत, बोलून वा लिहून, नोंदवावा. भाषांतराचा खर्च व्यवस्थेने सोसावा. आणि जखमी व मृत जनावरांची संख्या व कारणे यांना चौथ्या भागात आज जो एकच रकाना आहे, तो तोडून दोन करावेत, कारण एकाच चौकटीत आकडा आणि वाक्य मागितले असता घाईतला मनुष्य आकडा लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.