लिंफ नक्की ढकलतं कोण?

नेट, सेट किंवा पेटचा अभ्यास करताना ही ओळ तुम्ही वाचली असणारच: लसीकावाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो, आजूबाजूचे स्नायू आकुंचन पावले की लिंफ पुढे सरकतं. मीही पाठ केली होती आणि पीएचडीच्या पहिल्या सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकली होती. मागून एका मॅडमनी विचारलं, "मग रात्री झोपल्यावर? सकाळी पाय सुजलेले असतात का तुझे?" आडवं झाल्यावर केशवाहिन्यांतून मुळात द्रवच कमी गाळला जातो, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तेव्हा तेही सुचलं नाही.

ती ओळ खोटी नाही. तिची अडचण अशी की त्वचेतल्या दोन वेगळ्या वाहिन्यांना ती एकच समजते.

वरच्या थरात असतात त्या सुरुवातीच्या वाहिन्या. एका टोकाला बंद, भिंत एकाच पेशीच्या जाडीची, स्नायू अजिबात नाहीत. पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. बालुक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेत दाखवलं की या कडा सलग शिवलेल्या नसतात, बटणं लावल्यासारख्या मधूनमधून जोडलेल्या असतात, आणि द्रव त्या फटींतून आत येतो. शिवाय बाहेरून बारीक तंतू भिंतीला आजूबाजूच्या ऊतीशी बांधून ठेवतात, म्हणून सूज आली की वाहिनी दबत नाही, उलट उघडते. चालणं, ताणणं, मालिश हे सगळं इथे खरंच कामाचं आहे.

खाली चरबीच्या थराकडे गेलात की चित्र बदलतं. तिथल्या गोळा करणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत स्वतःचे अनैच्छिक स्नायू असतात आणि ठरावीक अंतरावर झडपा. दोन झडपांमधल्या तुकड्याला लिंफॅन्जिऑन म्हणतात. तो भरून ताणला गेला की आकुंचतो, द्रव पुढच्या तुकड्यात जातो. म्हणजे पंप आहेच की! एक मोठा नाही, ओळीने लावलेले छोटे छोटे.

पुरावा? ओल्शेव्स्की आणि एंगेसेट यांचा १९८० चा पेपर काढून वाचा. निरोगी पुरुषांच्या पायातल्या त्वचेखालच्या वाहिनीत नळी घालून त्यांनी दाब आणि प्रवाह मोजला. लिंफ वाहिनीच्या स्वतःच्या आकुंचनांबरोबर पुढे जात होतं. पायाची हालचाल केली की या आकुंचनांचा वेग वाढत होता. मला हा पेपर फार आवडतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. नळी घातलेली वाहिनी ही शाबूत वाहिनी नव्हे, आणि पोटरीच्या आत खोलवर असलेल्या वाहिन्यांबद्दल तो काही सांगत नाही. तिथे स्नायूंचा दाब जास्त महत्त्वाचा असू शकतो.

हा फक्त व्हायवापुरता वाद नाही. विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. या रोगाचे कृमी गोळा करणाऱ्या वाहिन्यांतच राहतात, वाहिन्या रुंदावतात, झडपा नीट मिटत नाहीत. मग हालचालीचा धक्का द्रवाला वर ढकलतो तसा खालीही ढकलतो. अशा माणसाला 'चालत राहा' एवढंच सांगून भागत नाही. व्यायामाबरोबर पाय उंच ठेवणं, रोज साबणाने धुऊन कोरडा करणं, जखमा जपणं हेही लागतं.

हल्ली इंडोसायनिन ग्रीन त्वचेत टोचून कॅमेऱ्याखाली चमकणारे ठिपके सरकताना बघता येतात. व्हिडिओ इतके देखणे असतात की आपण भान विसरतो. ठिपका किती वेगाने गेला हे त्यात कळतं, किती द्रव गेला हे नाही, कारण वाहिनीचा आतला व्यास त्या चकाकीतून नीट मोजता येत नाही. शिवाय सांद्रता जास्त झाली तर हा रंग आकुंचनच मंदावतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त 'प्रवाह' लिहिलं होतं. गाइडनी सहा ठिकाणी लाल गोल काढले. चार ठिकाणी मी 'ठिपक्याचा वेग' असं केलंय. उरलेल्या दोन ठिकाणी काय लिहावं, ते अजून ठरत नाहीये.