परवान्यापलीकडचा शॉन कॉनरी

३१ ऑक्टोबर २०२० रोजी बहामा बेटांवरील नासाऊ येथे शॉन कॉनरी यांचे वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले, तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांनी एकाच नावाचा उच्चार केला : जेम्स बाँड. एडिंबरोच्या कामगारवस्तीत जन्मलेला, ट्रकचालक कॅथलिक बाप आणि प्रॉटेस्टंट आई यांचा हा मुलगा. त्याने दूध पोहोचवले, शवपेट्यांना पॉलिश केले आणि १९६२ साली ‘डॉ. नो’ने तो जगाला ठाऊक झाला. पुढची चाळीस वर्षे त्याने काय काय निवडले, याचा विचार मात्र क्वचितच कोणी केला. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

बाँडच्या क्रमांकातील दोन शून्यांचा अर्थ ठार मारण्याचा परवाना असा सांगितला जातो. या परवान्याचे खरे स्वरूप असे, की मारल्यानंतर जाब द्यावा लागत नाही. प्रेत पडते, नायक एक विनोदी वाक्य टाकतो आणि प्रसंग बदलतो. करमणूक म्हणून हे चालून जाते. सेमिनरीत असताना एका सुटीत आम्हीही ते भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर चवीने पाहिले होते. पण ज्या माणसाला केल्या कृत्याचे उत्तर कधीच द्यावे लागत नाही, त्याला अंतरंगही लागत नाही. कॉनरी यांच्या बाँडेतर चित्रपटांतले जे खरोखर टिकाऊ आहेत, त्यांत मला एक धागा दिसतो : तिथे हा बलदंड, देखणा पुरुष कोणापुढे तरी उभा केला जातो आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

हे त्यांनी ठरवून केले, असा माझा दावा नाही. त्यांच्या यादीत ‘मीटिऑर’ (१९७९) आणि ‘द ॲव्हेंजर्स’ (१९९८) यांसारखा भुसाही पुष्कळ आहे. नट पैशासाठीही काम करतो. त्यात गैर काही नाही.

परंतु १९७१ सालचा एक व्यवहार बोलका आहे. बाँडची भूमिका सोडून दिलेल्या कॉनरींना ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी परत आणण्याकरिता निर्मात्यांनी साडेबारा लाख डॉलर मोजले. ती रक्कम त्यांनी स्कॉटलंडमधील शिक्षणकार्यासाठी स्थापन झालेल्या विश्वस्त निधीला दिली. त्याखेरीज, स्वतः निवडलेल्या दोन चित्रपटांना युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने भांडवल पुरवावे, अशी अट घातली. त्या अटीतून प्रत्यक्षात एकच चित्रपट निघाला : सिडनी ल्युमेट यांचा ‘द ऑफेन्स’ (१९७३). हवे ते निवडण्याची मोकळीक मिळालेल्या नटाने काय निवडले, तर वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेली प्रेते डोक्यातून न जाणारा एक पोलीस सार्जंट. लहान मुलींवरील अत्याचाराच्या संशयावरून पकडलेल्या इसमाची हा जॉन्सन एकट्याने चौकशी करतो आणि त्या चौकशीत त्याला मारून टाकतो. संशयित दोषी होता की नव्हता, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. सांगतो ते अधिक भयंकर आहे. त्या बंद खोलीत हळूहळू प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा यांच्या जागा बदलतात. आरोपीला कळते की, ज्या विकृतीचा हा अधिकारी पाठलाग करतो आहे, ती त्याच्या स्वतःच्या मनातही घर करून आहे. एका क्षणी जॉन्सन त्याच आरोपीकडे मदतीची याचना करतो, आणि नंतर त्याचा हात उठतो. चित्रपट सपशेल आपटला. बाँड पाहायला आलेल्या प्रेक्षकाला हा चेहरा पाहवला नसावा. माझ्या मते कॉनरी यांनी याहून धाडसी काम दुसरे केलेले नाही.

ल्युमेट यांच्याबरोबरचा त्यांचा पहिला चित्रपट ‘द हिल’ (१९६५). बाँडपटांचा ज्वर ऐन भरात असताना तो केलेला आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश लष्कराचा आपल्याच सैनिकांसाठी असलेला तुरुंग आणि त्याच्या मधोमध कैद्यांना शिक्षा म्हणून चढवण्या-उतरवण्यासाठी रचलेली वाळूची टेकडी. पार्श्वसंगीत अजिबात नाही. ऐकू येतात ते बूट, धापा आणि हुकूम. कॉनरींचा जो रॉबर्ट्स हा आपल्या माणसांना निरर्थक मरणाच्या तोंडी देण्याचा हुकूम नाकारून तिथे आलेला आहे. शेवटी निर्दय पहारेकऱ्याविरुद्ध न्याय मिळण्याची वेळ येते आणि त्याच घटकेला रॉबर्ट्सचे सोबती त्या पहारेकऱ्याला बदडू लागतात. जखमी रॉबर्ट्स जमिनीवर पडून त्यांना थांबवण्यासाठी टाहो फोडतो, कारण जिंकलेला डाव त्या मारहाणीत हातचा जातो आहे. बाँडच्या जगात ही मारहाण हाच विजय ठरला असता.

जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५)ची गोष्ट अधिक खेळकर आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ही कथा. चित्रीकरण मोरोक्कोत झाले असले तरी दुभाष्याच्या भूमिकेत आपल्या परिचयाचे सईद जाफरी आहेत. कॉनरींचा डॅनियल ड्रॅव्हट हा भामटा शिपाई काफिरिस्तानात देव म्हणून पुजला जातो आणि कालांतराने स्वतःही त्यावर विश्वास ठेवू लागतो. वधूच्या चाव्याने गालातून रक्त येते आणि देवत्व संपते. मृत्यूपूर्वी तो मित्राकडे क्षमा मागतो. मित्र ती देतो. दोन उनाड माणसांतील ही देवघेव इतक्या साधेपणाने घडते की आपण गंभीर कधी झालो, हे प्रेक्षकाला उमगत नाही.

‘द नेम ऑफ द रोज’ (१९८६) आमच्या व्यवसायबंधूंच्या विशेष चर्चेतला. १३२७ साली उत्तर इटलीतील मठात होणाऱ्या खुनांचा शोध घेणारा फ्रान्सिस्कन विल्यम कॉनरींनी चोख उभा केला आहे. त्याची बुद्धी सर्वांना आठवते. मला आठवतो तो त्याचा जुना पराभव. पूर्वी तोही धर्मचौकशीचा अधिकारी होता, छळापुढे नमून त्याने आपले मत मागे घेतले होते, आणि आता त्याच बर्नार्ड गीसमोर त्याला पुन्हा बोलायचे आहे. तो कचरतो, पण बोलतो. इथपर्यंत चित्रपट सच्चा आहे. त्यानंतर पटकथा गीला खवळलेल्या गावकऱ्यांच्या हातून मारून टाकते. इतिहासातला गी पुढे लोदेवचा बिशप म्हणून १३३१ साली वारला. त्याच्यावर कोणी जमाव चालून आला नाही. धर्मचौकशीचे समर्थन मी करणार नाही. पण खलनायक मारून प्रेक्षकाला समाधानाने घरी पाठवले की, जो प्रश्न आम्हा चर्चच्या माणसांना टोचत राहायला हवा, तोच बोथट होतो.

ज्या ‘द अनटचेबल्स’ने (१९८७) त्यांना ऑस्कर दिले, त्यातील म्हाताऱ्या पोलिसाच्या हाती संत यूदाचे पदक आहे. मात्र गुंडांना सुऱ्याच्या बदल्यात पिस्तूल दाखवण्याचा उपदेश तो चर्चच्या बाकावर बसूनच करतो. या विसंगतीची दिग्दर्शकाला जाणीव असावी, अशी आशा आहे.

मार्टिन रिट यांच्या ‘द मॉली मॅग्वायर्स’विषयी (१९७०) थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तिथे सगळा पट उलटा मांडलेला आहे. पेनसिल्व्हेनियातील आयरिश कॅथलिक खाणकामगारांची ही गुप्त संघटना. तिच्यात पिंकर्टन या खासगी संस्थेचा आयरिश हेर शिरतो, भाकर मोडतो, मैत्री करतो आणि साक्ष देतो. या चित्रपटात हेर आहे तो रिचर्ड हॅरिस. फसवला गेलेला संघटनेचा म्होरक्या जॅक केहो आहे शॉन कॉनरी. सुरुवातीची कितीतरी मिनिटे तो एक शब्दही बोलत नाही. कोळशाने माखलेला चेहरा, सुरुंगाची वात, आणि पाठीमागे स्फोट.

हा इतिहास आहे. १८७७ ते १८७९ या काळात २० माणसे फासावर गेली. केहोला १८७८च्या डिसेंबरात फाशी झाली आणि १९७९ साली, म्हणजे चित्रपटानंतर नऊ वर्षांनी, पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. फिलाडेल्फियाच्या आर्चबिशपांनी त्या संघटनेचा जाहीर निषेध केला होता. चित्रपटातील धर्मगुरूही वेदीवरून तेच करतो. तो चुकीचे बोलत नाही, कारण खून हा खूनच. पण त्याच्या प्रवचनापेक्षा, मेलेल्या वृद्ध कामगाराला निदान धड कपड्यात पुरता यावे म्हणून केहो कंपनीचे दुकान फोडतो, तो प्रसंग मनात घर करतो. त्या धर्मग्रामात मी असतो तर त्या वृद्धाच्या अंत्यविधीला काय बोललो असतो, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

शेवटी हेर तुरुंगात केहोला भेटायला येतो. त्याला क्षमा नको आहे; त्याला शिक्षा हवी आहे, म्हणजे हिशेब मिटेल. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसणाऱ्याला अशी मागणी अपरिचित नाही. क्षमेपेक्षा चार फटके स्वीकारणे माणसाला सोपे वाटते. केहो त्याच्यावर तुटून पडतो, पहारेकरी त्यांना सोडवतात. मग केहो शांतपणे सुचवतो की नरकाच्या अलीकडे तुला मोकळे करील अशी शिक्षा नाही. ज्या नटाच्या हेराने आठ वर्षे जगाला बिनजाबदारीची भुरळ घातली, त्याच्याच तोंडी हे वाक्य आहे, आणि ते ऐकणारा हेर खाली मान घालून तुरुंगाच्या आवारातून, फाशीच्या तख्तावरून नजर चुकवत, बाहेर पडतो.