चकव्याची खरी भीती

मराठी भूतकथेत चकवा लागलेला माणूस रात्रभर रानात चालतो आणि निघाला तिथेच येऊन उभा राहतो. मी याला कथाकाराची सोय समजत असे: माणसाला अडकवायचं आहे, मग भूत आणा.

यान साउमन आणि सहकाऱ्यांचा २००९चा शोधनिबंध वाचला आणि मत बदललं. जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात त्यांनी सहा जणांना काही तास एकाच दिशेने सरळ चालायला सांगितलं. ढगाळ हवेत चाललेले चौघेही गोल फिरले. त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि त्यांना ते कळलंही नाही. सूर्य दिसत होता ते दोघे मात्र जवळजवळ सरळ गेले. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा समजही टिकला नाही. 'सरळ' कुठे आहे याचा अंदाजच पावलागणिक थोडाथोडा ढळत जातो.

म्हणजे लोकांचं निरीक्षण चोख होतं. उजाडलं की चकवा सुटतो, हेही.

मग या कथा फसतात कुठे? भूत बाहेर उभं केलं की माणूस निर्दोष सुटतो. वाचकही त्या भुताला घाबरतो आणि पुस्तक मिटलं की विसरतो. खरी भीती वेगळी आहे. वाट चुकलेल्या माणसाला आपण सरळच चाललो आहोत याची पक्की खात्री असते. त्या खात्रीबद्दलची चकव्याची कथा मी अजून शोधतो आहे.