सुकाणू नसलेला खेळ

व्हिडिओ गेमच्या धंद्यात खेळाडूला मोकळीक देण्याची चढाओढ चालते. जग मोठं करा, वाटा वाढवा, हवं तिकडे जाऊ द्या. आगगाडीच्या सिम्युलेटरमध्ये ही मोकळीक पहिल्याच मिनिटाला संपते. सुकाणू नाही, वाट रुळांनी ठरवलेली, सांधे दुसराच कोणी बदलणार, वेगमर्यादा फलकावर आणि सुटायची वेळ वेळापत्रकात. चालकाच्या हाती राहतं ते वेग वाढवणं, कमी करणं आणि भोंगा वाजवणं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा प्रकार जवळपास तीस वर्षं तग धरून आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टने कुजू या ब्रिटिश कंपनीकडून बनवून घेतलेला 'ट्रेन सिम्युलेटर' बाजारात आला. त्याच्या पुढच्या आवृत्तीचं काम दोनदा सुरू झालं आणि दोन्ही वेळा गुंडाळलं गेलं. २००९ मध्ये तर ते करणारा विभागच बंद झाला. तरी त्या खेळासाठी हौशी लोकांनी रचलेले मार्ग, इंजिनं आणि डबे आजही 'ओपन रेल्स' या मोफत प्रणालीवर धावतात. एवढी निष्ठा फार थोड्या खेळांच्या वाट्याला येते, आणि एवढी कुरकुरही. हे खेळाडू वीस वर्षं एकाच खेळाला चिकटून राहतात आणि वीस वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. खेळाडू येतो तो रेल्वेचं काम करायला. बाजार त्याच्यापुढे ठेवतो रेल्वेच्या वस्तू.

या ओढीचं कारण म्हणून बालपणीची आगगाडी, वाफेच्या इंजिनाची हुरहुर वगैरे नेहमी सांगितलं जातं. ते अगदीच खोटं नाही, पण पुरेसंही नाही. हुरहुरीवर माणूस एखादी संध्याकाळ काढेल. मालगाडी घाटातून खाली उतरवताना तासन्‌तास दाबमापकाकडे डोळे लावून बसणार नाही. खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोड्या अडथळ्याने फिरतं, म्हणून तर एक इंजिन हजारो टन ओढू शकतं. पण पकडही जेमतेमच असते, म्हणून ते वजन थांबवायला किलोमीटरभर आधी विचार करावा लागतो. वेस्टिंगहाउसच्या पद्धतीत गाडीभर हवेची एक नळी असते. तिच्यातला दाब कमी केला की प्रत्येक डबा आपल्याजवळच्या टाकीतल्या हवेने स्वतःचे ब्रेक लावतो. दीड-दोन किलोमीटर लांबीच्या अमेरिकन मालगाडीत हा दाबाचा निरोप शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला काही सेकंद जातात आणि टाक्या पुन्हा भरायला कित्येक मिनिटं. शिवाय तिथल्या मालगाडीचे ब्रेक थोडे थोडे सोडता येत नाहीत. सोडले की पुरते सुटतात. आता कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीचा उतार घ्या. एक मार्ग २.२ टक्क्यांचा, दुसरा काही ठिकाणी ३ टक्क्यांचा. वेग जरा कमी झाला म्हणून ब्रेक सोडले, पुन्हा वाढला म्हणून लावले, असं दोन-तीनदा केलं की टाक्यांतली हवा संपत येते. चौथ्या वेळी हँडल ओढलं तरी गाडी ऐकत नाही. खाली सॅन बर्नार्डिनोमध्ये १२ मे १९८९ रोजी एक मालगाडी अशीच सुसाट येऊन घरांवर कोसळली होती. तिचं वजन कमी धरलं गेलं होतं आणि काही इंजिनांचे विजेचे ब्रेक निकामी होते. हा उतार नीट रचलेल्या सिम्युलेटरमध्ये उतरवताना खेळाडूला पहिल्यांदा कळतं, की आपण आत्ता जे करतो आहोत त्याचा जाब दहा मिनिटांनी द्यायचा आहे. उशिराने मिळणाऱ्या परिणामाचा हा ताण दुसऱ्या कुठल्या खेळात सहसा सापडत नाही.

ब्रेकच्या जोडीला सिग्नल. जर्मन गाड्यांवरची पीझेडबी ही सुरक्षा व्यवस्था याचा चांगला नमुना आहे. पुढचा सिग्नल लाल असू शकतो असं सांगणारा सूचक सिग्नल ओलांडला, की रुळाशेजारचा चुंबक इंजिनाला जाणीव देतो. चालकाने चार सेकंदांत बटण दाबून 'पाहिलं' असं कळवायचं आणि वेगवान प्रवासी गाडी असेल तर २३ सेकंदांत वेग ताशी ८५ किलोमीटरवर आणायचा. चुकला तर गाडी स्वतःच कचकन थांबते. वरून बसली आहे ती 'सीफा': पायाखालचं पेडल साधारण दर अर्ध्या मिनिटाला सोडून पुन्हा दाबायचं, चालक जागा आहे हे सिद्ध करायला. नवख्याला हा छळ वाटतो. आठवडाभराने त्याचा हात सूचक सिग्नल दिसताच आपोआप बटणाकडे जातो, आणि मग त्याला खिडकीबाहेरच्या देखाव्यापेक्षा दूरवरचा पिवळा ठिपका आधी दिसू लागतो. ज्या खेळात नियम हाच आनंदाचा विषय आहे, तिथे मोकळीक नसल्याची तक्रारच उरत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा जपानने दिला. ताइतो कंपनीचा 'देन्शा दे गो' १९९६ मध्ये तिथल्या गेम पार्लरमध्ये आला. त्यात करायचं एवढंच: लोकल स्थानकात वेळेवर आणायची, फलाटावरच्या खुणेशी थांबवायची, प्रवाशांना धक्का बसू द्यायचा नाही. सेकंद आणि सेंटिमीटर यांचे गुण. याच काळात एका जपानी हौशी माणसाने 'बोसो व्ह्यू एक्सप्रेस', म्हणजे बीव्हीई, एकट्याने लिहायला घेतला. त्यातल्या इमारती पुठ्ठ्याच्या वाटतात, झाडं सपाट चित्रांसारखी उभी असतात. पण ब्रेकचा दाब चढताना होणारा आवाज, मोटरचा बदलत जाणारा सूर आणि थांबायच्या शेवटच्या क्षणी बसणारा बारीकसा हिसका इतका खरा आहे की डोळे मिटून स्थानक आलं हे सांगता यावं. बीव्हीई आणि त्याच्यावरून २००८ च्या सुमारास निघालेला मोफत 'ओपनबीव्हीई' दोन्ही आज जिवंत आहेत. त्याच काळातले, चित्रांच्या जोरावर विकले गेलेले कितीतरी खेळ कोणाच्या आठवणीतही नाहीत. दुसऱ्या टोकाला कॅसिओपिया या वाद्यवृंदाचे माजी कीबोर्डवादक मिनोरू मुकाइया यांची ओंगाकुकान कंपनी आहे. १९९५ पासून ती खऱ्या चित्रफितींवर सिम्युलेटर बनवते, आणि २०२२ मध्ये आलेला 'जेआर ईस्ट ट्रेन सिम्युलेटर' तिचाच. खरा मार्ग, खरी सकाळ, खरे ढग. याहून अस्सल देखावा कोण देणार? पण सिग्नल कॅमेऱ्याने जसे टिपले तसेच राहतात, आणि तुम्ही हळू गेलात तर फलाटावरची माणसंही पाण्यातून चालल्यासारखी हळू चालतात. देखावा अस्सल असूनही रेल्वे मात्र त्या दिवशीच घडून गेलेली असते. ब्रेक उत्तम आहेत म्हणून तो तरतो, हेही खरं.

आता तक्रारींकडे वळू. मायक्रोसॉफ्टसाठी खेळ बनवणाऱ्या कुजूनेच २००७ मध्ये 'रेल सिम्युलेटर' काढला. तो पुढे दुसऱ्या हातांत गेला, 'रेलवर्क्स' झाला, मग दरवर्षी नवा आकडा लावून विकला गेला आणि आज 'ट्रेन सिम्युलेटर क्लासिक' म्हणून ओळखला जातो. चालवणारी कंपनी डोव्हटेल. तिनेच २०१७ पासून 'ट्रेन सिम वर्ल्ड' ही नवी मालिका सुरू केली, ज्यात चालक केबिनमधून उतरून फलाटावर फिरू शकतो. दोन्हींचं अर्थशास्त्र एकच: मूळ खेळ स्वस्त, आणि पुढे प्रत्येक मार्ग, प्रत्येक इंजिन वेगळं विकत घ्यायचं. जुन्या खेळाची सगळी जोडसामग्री घ्यायची म्हटली तर बेरीज कित्येक हजार डॉलरवर जाते. सगळं कोणी घेत नाही हे मान्य. पण या विक्रीमुळे बनवणाऱ्याचं लक्ष कुठे जातं, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे. जाहिरातीत इंजिनाचा रंग दिसतो, केबिनमधला स्क्रू दिसतो. गाडी उशिरा धावत असेल तर पुढच्या जंक्शनवर आधी कोणाला सोडायचं, हे ठरवणारी यंत्रणा जाहिरातीत दिसत नाही. म्हणून ती कायम कच्ची राहते. संगणकाने चालवलेली मालगाडी समोर अडकते, सिग्नल लाल तो लालच, आणि दोन तासांची मेहनत तिथेच संपते. मधेच जपून ठेवलेला खेळ पुन्हा उघडल्यावर बिघडलेला निघतो, ही 'ट्रेन सिम वर्ल्ड'च्या खेळाडूंची जुनी ओरड आहे. स्वतः मार्ग रचण्याचं साधन त्यांना २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मिळालं नाही. मायक्रोसॉफ्टच्या खेळात ते २००१ मध्येच पेटीतून मिळत होतं.

यावर कंपन्यांच्या बाजूने म्हणण्यासारखं बरंच आहे. बाजार छोटा आहे. एक मार्ग रचायचा तर नकाशे, चित्रीकरण, आवाजांचं ध्वनिमुद्रण, रेल्वे कंपनीचा रंग आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी, असा खर्च लागतो. तो सुट्या विक्रीतून वसूल झाला नसता तर एखाद्या आडवळणाच्या ब्रिटिश शाखामार्गावर कोणी वर्ष घालवलं नसतं. हे म्हणणं मला पटतं. पण त्यातून सुटी विक्री समर्थनीय ठरते, कच्चा पाया ठरत नाही. पाया सगळ्या मार्गांना समान असतो; एकदा नीट केला की प्रत्येक मार्गाची किंमत वाढते. 'ओपन रेल्स'च्या बिनपगारी लोकांनी ब्रेकची, जोडणीतल्या ओढाताणीची, वाफेच्या बाष्पकाची गणितं वर्षानुवर्षं सुधारत नेली आणि त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे डबेही आज अधिक खरे वागतात. पैसा नसलेल्यांना जे जमलं, ते पैसा असलेल्यांना का जमू नये?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बहुतेकांना एवढी खोली नकोच असते, असं म्हणतात. माणूस कामावरून थकून येतो, त्याला आल्प्समधून गाडी न्यायची असते, खिडकीतून बर्फ बघायचा असतो. त्याला पीझेडबी कशाला? बरोबर आहे, आणि म्हणूनच सुरक्षा यंत्रणा बंद करायची सोय जवळजवळ सगळीकडे असते, असावीच. पण नुसता बर्फ बघायचा तर आल्प्समधल्या इंजिनांच्या केबिनमधून घेतलेल्या तासन्‌तासांच्या चित्रफिती फुकट मिळतात. तो थकलेला माणूसही पैसे मोजून सिम्युलेटर घेतो, याचा अर्थ हँडलवर हात ठेवण्यात त्याला काही मिळतं. हँडलमागे काही असेल तर तो कधीतरी यंत्रणा चालू करून बघेल. मागे पोकळी असेल तर मात्र महिनाभरात पुढचं इंजिन विकत घेईल आणि त्याचाही कंटाळा करील. विक्रेत्याला हे चालतं. अडचण तिथेच आहे.

पोलंडच्या 'सिमरेल'ने याला चोख उत्तर दिलं आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या या खेळात इंटरनेटवरून अनेक जण एकाच वेळी पोलंडमधल्या मार्गांवर खऱ्या वेळापत्रकाने गाड्या चालवतात, आणि काही खेळाडू चक्क स्थानकाच्या केबिनमध्ये बसून सांधे आणि सिग्नल सांभाळतात. पुढच्या केबिनला गाडी घेतोस का विचारायचं, होकार आला की सोडायची. पैसे देऊन लोक ही ड्युटी करतात! ब्रिटनचा 'सिमसिग' तर त्याहून पुढचा: पडद्यावर फक्त रेषा, रंगीत खंड आणि गाड्यांचे क्रमांक. एकही इंजिन दिसत नाही, तरी लोक तासन्‌तास गर्दीच्या जंक्शनची घडी बसवत राहतात. अमेरिकेच्या 'रन ८' मध्येही चालक आणि नियंत्रक असे दोघंही माणसंच. लाल सिग्नल हा आता कच्च्या यंत्रणेने केलेला घोटाळा राहिला नाही. पलीकडे कोणीतरी बसला आहे, त्याच्याकडे कारण आहे. तीच दहा मिनिटं थांबणं सुसह्य होतं.

भारतीय रेल्वेच्या बाबतीत चित्र मात्र आधीच्या तक्रारींच्याच धर्तीचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या खेळासाठी आपल्याकडच्या हौशी लोकांनी डिझेल आणि विजेची इंजिनं, डबे, मार्ग तयार केले आणि वाटलेही. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर' मोबाईलवर पोचला. ओळखीचं इंजिन, ओळखीचे डबे, ओळखीची उद्घोषणा यांचं आकर्षण मोठं आहे, पण तेही रूपाचंच. बोरघाटाचा विचार करा. कर्जत ते लोणावळा, ३७ ला १ असा चढ. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. पुढचा लोको पायलट आणि मागचे बँकरवाले यांनी ओढ आणि रेटा जुळवला नाही तर मधल्या जोडण्यांची खैर नाही. उतरताना ब्रेकची परीक्षा, ठरलेले थांबे, आणि गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला उलट्या चढावर घेणाऱ्या कॅच साइडिंग. केबिनमध्ये लोको पायलट आणि सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. मुंबईच्या लोकलचा मोटरमन तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांत पिवळा, दुहेरी पिवळा वाचत जातो. सिम्युलेटरला याहून चांगला ऐवज जगात फार ठिकाणी सापडणार नाही. घाटाची हिरवळ आणि धबधबे दाखवणारा मार्ग कोणीही रचेल. मला हवा आहे तो मागच्या बँकरमध्ये दुसरा जिवंत खेळाडू बसलेला बोरघाट. 'रन ८' आणि 'सिमरेल'ने दाखवून दिलं आहे की तंत्र उपलब्ध आहे.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी आधी 'ओपनबीव्हीई' किंवा 'ओपन रेल्स' उतरवून घ्यावं. दोन्ही फुकट आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. ब्रेकची गोडी लागली तर 'सिमरेल'कडे जावं. डोव्हटेलचे मार्ग घ्यायचेच असतील तर सवलतीचा काळ येईपर्यंत थांबावं, आणि एक मार्ग वेळापत्रकानुसार, सगळ्या यंत्रणा चालू ठेवून पार पडत नाही तोवर दुसऱ्याला पैसे देऊ नयेत.