जमीन कोणाची, झाड कोणाचे?

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला. पुढल्या तीन वर्षांचे आकडेही ठरले होते. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. यात शाळांच्या वाट्याला किती खड्डे आले हे शिक्षक वाचकांना आम्ही सांगायला नको. किती झाडे जगली यावर वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. पण आमचा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. या आराखड्यात रोपे मोजली गेली, खड्डे मोजले गेले, पण जमिनीचा धनी कोण आणि त्याला झाड कशासाठी हवे, हे कुणी विचारले नाही. बीड जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर. त्यात वनजमीन अगदीच थोडी. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक-तृतीयांश जमीन झाडांखाली असावी असे म्हटले आहे. बीडमध्ये त्या दिशेने थोडेफार जरी सरकायचे, तरी झाडे शेतकऱ्याच्या बांधावर आणि गावाच्या गायरानावरच वाढावी लागतील.

बांधाचे पाहा. आष्टी-पाटोद्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे झाडाशी वैर नसते, वसव्याशी असते. झाडाच्या सावलीत आणि मुळांच्या टापूत ज्वारी खुरटते, शेजारी भांडायला येतो. म्हणूनच जुने लोक बांधावर रामकाठी बाभूळ राखत. ती फांद्या न पसरता सरळ वर जाते, सावली थोडी पडते, लाकूड औताला उपयोगी पडते, शेंगा शेळ्या खातात. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे आहेत, बाभूळ नाही. शेतकरी हे नेमके जाणतो. स्वतः लावलेले झाड तोडायला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार असतील, तर तो ते लहान असतानाच उपटतो. त्याला अडाणी म्हणण्याआधी आपण त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती पावसापुरती नाही. जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात होते. त्याला पाणी घालायचे कुणी? दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. कित्येकांची मुलेही बरोबर असतात. ज्या मुलाच्या नावाने रोप लावले, ते मूलच कारखान्याच्या फडात. अशा गावात पिशवीतल्या रोपापेक्षा जूनमध्ये जागेवरच बी टोकणे शहाणपणाचे, कारण मूळ सुरुवातीपासून सरळ खोल जाते. बाभळीच्या बीचे कवच कठीण असते. शेळीच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते, म्हणून शेळ्यांच्या वाड्यात ते गोळा करावे. वर्गासाठी हा झकास प्रयोग आहे. वाड्यातल्या शंभर बिया आणि झाडावरच्या शेंगांतल्या शंभर बिया शेजारी शेजारी पेरा आणि आठवडाभर मोजा. (बी लवकर रुजवणारी शेळीच पुढे रोपही खाते, म्हणून काटेरी कुंपण हवेच. सीताफळाच्या पाल्याला मात्र ती सहसा तोंड लावत नाही. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ इतके टिकले त्याचे हे एक कारण.)

गायरान हा सर्वांत नाजूक विषय. कागदावर ही जमीन मोकळी दिसते, पण प्रत्यक्षात तिथे कुणाची गुरे चरतात, कुणी भूमिहीन दलित कुटुंब दोन पिढ्या ज्वारी-बाजरी काढते. ही कसलेली गायराने कसणाऱ्यांच्या नावे व्हावीत यासाठी याच जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड (१९५६-२०१५) यांनी जन्मभर लढा दिला. अशा तुकड्यावर शाळेची मुले रांगेने खड्डे खणू लागली, तर ते वनीकरण की कुणाचे पोट मारणे? शिक्षकाने हे आधी विचारलेच पाहिजे, कारण ज्या घरातली जमीन जाते त्या घरातले मूल त्याच रांगेत कुदळ घेऊन उभे असते.

वनखात्याच्या स्वतःच्या जमिनीवरही एकच नियम चालत नाही. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झाले. मोराला रात्री बसायला उंच झाड लागते, पण चरायला आणि नाचायला झुडपांमधली उघडी जागा लागते. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून तो रोपांनी गच्च भरला, तर झाडांचा आकडा वाढेल आणि मोर शेजारच्या शिवारात जातील.

यंदा वृक्षारोपणाचे परिपत्रक आले की खड्डे खणण्याआधी मुलांना घेऊन तलाठ्याकडे जावे. गाव नमुना १-अ मध्ये वनजमिनी असतात, १-ब मध्ये सरकारी जमिनी, आणि बाकीचे सातबारा सांगतो. गावाच्या नकाशात या तिन्ही प्रकारांना वेगवेगळे रंग द्यावेत आणि प्रत्येक तुकड्यावर सध्या कोण काय करते, ते मुलांनी विचारून लिहावे. जुलैपर्यंत नकाशा पुरा झाला नाही, तर झाडे पुढल्या जूनमध्ये लावावीत.