ईश्वरी वेळ आणि निवेदनाचा काळ : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची मराठी समीक्षेने केलेली प्रशंसा बव्हंशी दोन गुणांभोवती फिरत राहिली आहे : भाषेचा प्रांजळपणा आणि दुःखाकडे पाहणारा विनोद. तिसरा गुण म्हणून सोशिकपणाचा उल्लेख होतो आणि तो पत्नीधर्माच्या खाती जमा केला जातो. या तिसऱ्या नोंदीत गफलत आहे. ख्रिस्ती श्रद्धाविचारात धीर धरणे म्हणजे निव्वळ सोसणे नव्हे. ती काळाविषयीची एक भूमिका असते. मोजता येणारा काळ तो ‘क्रोनॉस’ आणि भरून आलेली, माणसाच्या हाती नसलेली वेळ ती ‘कैरॉस’, अशी फोड नव्या कराराच्या ग्रीक शब्दांच्या आधारे केली जाते. (शब्दार्थाच्या पातळीवर ही फोड सर्वत्र टिकत नाही, असा आक्षेप जेम्स बार यांनी १९६२ मध्ये घेतला होता व तो रास्त आहे, कथनाच्या विश्लेषणात मात्र ती कामाला येते.) ‘स्मृतिचित्रे’तील धीर या दोहोंपैकी कोणत्या काळात घडतो, हा प्रश्न विचारल्याखेरीज हे पुस्तक श्रद्धेचे कथन म्हणून वाचलेच जात नाही.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) शेजारी ठेवले की भेद स्पष्ट होतो. १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेला हा आत्मचरित्रकार आपले पूर्वायुष्य शीर्षकापासूनच एका रूपकात बांधतो. सूर्य उगवणार हे ठाऊक असलेल्याने वर्णिलेली ती रात्र आहे. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून चालत आलेली ही रीत. निवेदक कथेच्या अखेरच्या टोकाशी उभा असतो, म्हणून मागे वळून पाहताना प्रत्येक योगायोग ईश्वरी योजनेचा दुवा ठरतो. अशा कथनात धीराचे गुणगान पुष्कळ करता येते. वाचकाला तो धरावा मात्र लागत नाही.

नारायण वामन टिळकांच्या चरित्रातही या रीतीला पोषक सामग्री आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकारांना हा प्रसंग प्रिय असावा यात नवल नाही. परंतु टिळकांच्या लेखी जी वेळ भरून आली, तीच लक्ष्मीबाईंच्या लेखी संसार उद्ध्वस्त झाल्याची वेळ होती. एकाच दिनांकाचे हे दोन अर्थ ‘स्मृतिचित्रे’ एकमेकांत मिसळू देत नाही. पुढे आपणही ख्रिस्ती झालो, तेव्हा तो आघात वस्तुतः कृपाच होती, असे सांगून मागच्या दुःखाची किंमत कमी करण्याची संधी निवेदिकेला होती. ती तिने घेतली नाही. त्या वेळचा आकांत त्या वेळच्याच मापाने येतो.

विरहाच्या काळाचा मोठा भाग आप्तांच्या आधाराने पंढरपुरात गेला, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. वारकरी कल्पनेत वाट पाहणारा केवळ भक्त नसतो. पुंडलिकाने दिलेल्या विटेवर देवच युगानुयुगे ताटकळत उभा असतो. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेल्या टिळकांचा या परंपरेशी असलेला संबंध वारंवार चर्चिला गेला आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा धागा सिद्धान्तरूपाने येत नाही. तरीही देवाने माणसासाठी थांबावे, ही कल्पना ज्या संस्कृतीत घरोघरी परिचित आहे, तिथे ख्रिस्ती प्रतीक्षेला निराळा सूर लागणे स्वाभाविक आहे.

पतीच्या सहवासासाठीच धर्म बदलायचा असता तर १८९५ मध्येच तो बदलता आला असता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात बदलले ते आधी जातीविषयीचे मत. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने जाचलेल्या घरात वाढलेल्या या स्त्रीला भेद माणसांनी निर्माण केले आहेत, हे स्वतःच्या विचाराने पटावे लागले आणि ते पटल्यावर दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यावे लागले. दमास्कसच्या वाटेवरील पौलासारखा लखलखाट येथे नाही. टिळक मात्र जन्मभर उतावीळ. सहकुटुंब हातातोंडाची गाठ पडण्याची भ्रांत असतानाही ते पैसा देऊन टाकीत, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांचाही देवावर भरवसा होता, पण तो उडी घेणाऱ्याचा भरवसा. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेने दुसऱ्याच्या घड्याळावर चालायला नकार दिला. त्यांच्या विलंबाला सोशिकपणा म्हणणे म्हणजे या नकाराकडे डोळेझाक करणे होय.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील परावलंबी ब्राह्मण स्त्रीला थांबण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता? लादलेल्या प्रतीक्षेला ईश्वरी वेळेचे नाव देणे म्हणजे सामाजिक अन्यायाला धर्मशास्त्राचे पांघरूण घालणे नव्हे काय? स्त्रीवादी समीक्षेने उचलावा असाच हा मुद्दा आहे. त्यावर ‘स्मृतिचित्रे’ सुटसुटीत उत्तर देत नाही. लादलेला काळ आणि स्वीकारलेला काळ या पुस्तकात असे गुंतले आहेत की ते वेगळे काढणाऱ्या वाचकाला संहितेचा काही भाग गमवावाच लागतो.

या गुंत्यातच विनोदाची जागा आहे. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात वार्धक्यात पुत्र होणार हे वचन ऐकून सारा मनातल्या मनात हसते आणि झालेल्या मुलाच्या इसहाक या नावातच ते हसू राहते. देवाच्या दिरंगाईला हसणे आणि तरीही वचन सोडून न देणे, ही वृत्ती बायबलला परकी नाही. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला केवळ स्वभावविशेष मानणाऱ्यांनी या कुळाचा विचार केलेला दिसत नाही.

‘ख्रिस्तायन’चे पहिले दहा अध्याय लिहून १९१९ मध्ये टिळक गेले, उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत त्यांचेही निधन झाले. चौथा भाग त्यानंतर, मुलाच्या हातून पुरा होऊन वाचकांपुढे आला.